उसन्या आकाशात घडलेले हवाई दल

हवाई दलाचा इतिहास लिहायचा म्हटले की लेखणी आपोआप विमानांच्या नावांकडे वळते. कोणते विमान कोणत्या साली आले, कोणाकडून घेतले, कधी निवृत्त झाले याची यादी झाली की इतिहास लिहून झाल्यासारखे वाटते. सिंगापूरच्या हवाई दलाची अशी यादी करणे सोपे आहे आणि ती भारदस्तही दिसते. १९६९ साली शिकाऊ वैमानिकांसाठी आणलेल्या आठ सेसना १७२ विमानांपासून ती सुरू होते, स्ट्राइकमास्टर, हंटर, स्कायहॉक, एफ-५, एफ-१६, एफ-१५एसजी असे टप्पे घेत पुढे जाते आणि आता मागणी नोंदवलेल्या वीस एफ-३५ विमानांपाशी येऊन थांबते. सिंगापूरच्या स्वातंत्र्याला आणि भारताशी असलेल्या त्याच्या राजनैतिक संबंधांना ६० वर्षे पूर्ण झाली, त्या निमित्ताने या संस्थेकडे पाहताना मात्र ही यादी मला अपुरी वाटते, कारण सर्वांत साधा प्रश्न तिच्यातून सुटत नाही. हा देश पूर्व-पश्चिम जेमतेम ५० किलोमीटर आणि उत्तर-दक्षिण साधारण त्याच्या निम्मा आहे. ताशी ९०० किलोमीटर वेगाने जाणारे विमान साडेतीन मिनिटांच्या आत देशाबाहेर पडते. मग इतक्या विमानांचे वैमानिक तयार झाले कुठे? बॉम्बफेकीचा, हवाई झुंजीचा सराव त्यांनी केला कुठे? या प्रश्नाचा माग काढत गेले की एक गोष्ट स्पष्ट होत जाते. या दलाची घडण आकाशाच्या टंचाईने ठरवली आहे. विमाने पैसे मोजून मिळाली; आकाश मात्र दुसऱ्या देशांकडून मागून घ्यावे लागले, आणि ते मिळवण्याच्या व टिकवण्याच्या खटपटीतच दलाचा स्वभाव, त्याची शिस्त आणि त्याचे बळ घडत गेले. हेच म्हणणे पुढे पुराव्यानिशी मांडायचे आहे.

आरंभ १९६८ चा धरला जातो, पण त्यामागची आठवण १९४१ ची आहे. ८ डिसेंबर १९४१ च्या पहाटे जपानी विमानांनी सिंगापूरवर पहिले बॉम्ब टाकले तेव्हा शहरातले दिवेसुद्धा मालवलेले नव्हते. दोनच दिवसांनी ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ आणि ‘रिपल्स’ या ब्रिटनच्या दोन बलाढ्य युद्धनौका मलायाच्या पूर्व किनाऱ्याजवळ बुडाल्या, कारण त्यांच्या डोक्यावर स्वतःची विमाने नव्हती. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडले. बेटावर टेंगा, सेलेटार, सेंबावांग, कलांग असे विमानतळ होते, धावपट्ट्या होत्या. लढण्याजोगी विमाने पुरेशी नव्हती. आकाश हातचे गेले की बेट वाचत नाही, हा धडा त्या पिढीने पुस्तकातून घेतलेला नव्हता. तरीही ९ ऑगस्ट १९६५ ला मलेशियापासून वेगळे होऊन सिंगापूर स्वतंत्र झाले तेव्हा त्याच्याजवळ हवाई दल नव्हते आणि त्याची घाईही नव्हती. ब्रिटिश हवाई दल टेंगाला होते, ब्रिटिश आरमार होते. त्यामुळे ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांच्या सरकारने जानेवारी १९६८ मध्ये सुएझच्या पूर्वेकडचे सैन्य १९७१ च्या अखेरपर्यंत काढून घेण्याचे जाहीर केले, तेव्हा बसलेला धक्का दुहेरी होता. ब्रिटिश तळांवर देशाच्या उत्पन्नाचा सुमारे पाचवा हिस्सा अवलंबून होता, आणि आकाशाचे संपूर्ण रक्षणही. १ सप्टेंबर १९६८ ला ‘सिंगापूर एअर डिफेन्स कमांड’ स्थापन झाली ती या परिस्थितीत. १ एप्रिल १९७५ ला तिचे नाव ‘रिपब्लिक ऑफ सिंगापूर एअर फोर्स’ झाले. पहिल्या नावात ‘संरक्षण’ होते आणि ‘दल’ नव्हते, हे त्या काळच्या अपेक्षेशी सुसंगतच आहे. आधी निदान छप्पर राखायचे होते.

पहिल्या तीन वर्षांची धावपळ विलक्षण होती. सेसनांवर उड्डाणाचे प्राथमिक धडे, मग सोळा स्ट्राइकमास्टर जेटवर पुढचे शिक्षण, आठ अल्युएट हेलिकॉप्टरे, १९७० पासून हंटर लढाऊ विमाने, आणि जाणाऱ्या ब्रिटिशांकडूनच घेतलेली ब्लडहाउंड क्षेपणास्त्रे. ज्यांनी शिकवायचे तेही बहुतेक ब्रिटिशच होते. या काळातली एक गोष्ट भारतीय वाचकाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. स्वातंत्र्य मिळाल्याबरोबर सिंगापूरचे पंतप्रधान ली क्वान यू यांनी भारताचे पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्याकडे पायदळाच्या पाच बटालियन उभारण्यासाठी लष्करी सल्लागार मागितला होता. दिल्लीहून शुभेच्छा आल्या, सल्लागार आला नाही. पाकिस्तानशी संघर्ष पेटलेला, त्याआधी तीनच वर्षांपूर्वी चीनकडून पराभव पत्करलेला. त्या घडीला भारताने हात आखडता घेतला याचे मला नवल वाटत नाही, खंत मात्र वाटते. सल्लागार अखेर इस्रायलचे आले. भारताचा धागा या इतिहासात पुन्हा येतो तो जवळपास चाळीस वर्षांनी, आणि तेव्हा मागणी सल्लागाराची नसून आकाशाची असते.

आकाशाची टंचाई म्हणजे नेमके काय, हे भूमितीच्या साध्या हिशेबाने कळते. पृथ्वी गोल असल्यामुळे रडारला क्षितिजाखालचे दिसत नाही. बुकित गोम्बाकसारख्या शंभर-सव्वाशे मीटर उंचीच्या टेकडीवर रडार बसवले आणि शत्रूचे विमान समुद्रावर शंभर मीटर उंचीवरून आले, तर ते साधारण ८५ किलोमीटरवर येईपर्यंत दिसणारच नाही. ताशी ९०० किलोमीटरच्या हिशेबाने उरतात पावणेसहा मिनिटे. तेवढ्या वेळात विमान ओळखायचे, निर्णय घ्यायचा, वैमानिकांनी धावत जाऊन इंजिन सुरू करायचे आणि उंची गाठायची. मोठ्या देशाच्या हवाई दलाला सीमेवरची काही विमानतळे गमावूनही मागे सरकता येते. सिंगापूरला मागे सरकायला जागाच नाही. सिंगापूरने १९८० च्या दशकात चार ई-२सी हॉकआय ही उडती रडार विमाने घेतली, त्याचे कारण हेच आहे. नऊ हजार मीटर उंचीवरून तेच खालून येणारे विमान चारशे किलोमीटरच्या पलीकडे दिसू शकते आणि पावणेसहा मिनिटांचा जवळपास अर्धा तास होतो. पुढे हॉकआयची जागा गल्फस्ट्रीम जी-५५० वर बसवलेल्या रडारने घेतली, आणि बेटावर उंच इमारती वाढून जमिनीवरच्या रडारांची दृष्टी अडू लागली तेव्हा सहाशे मीटरवर दोराने बांधून ठेवायचा रडारचा फुगा आणला गेला. या खरेदीकडे आधुनिकतेचा हव्यास म्हणून पाहणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा. जमिनीने नाकारलेला अवकाश हे दल वेळेच्या रूपाने विकत घेत होते.

शांततेच्या दिवसांतही हे आकाश मोकळे नसते. चांगी विमानतळावर २०१९ साली सुमारे ३ लाख ८२ हजार विमाने उतरली किंवा उडाली आणि ६ कोटी ८३ लाख प्रवाशांनी ये-जा केली. देशाचे पोट या वाहतुकीवर आहे; हवाई दलाच्या सरावासाठी ती थांबवता येत नाही. उरलेल्या फटींत एखादे विमान चढेल, उतरेल, पण आठ विमानांची आठांशी झुंज तिथे लावता येत नाही. घरातल्या घरात जे करता येईल ते दलाने चिकाटीने केले. १९८६ पासून लिम चू कांग हा सार्वजनिक रस्ता काही वर्षांच्या अंतराने धावपट्टी म्हणून वापरून पाहिला जातो. दिव्याचे खांब, बसथांबे, फलक काढायचे, अडीच किलोमीटर लांब आणि जेमतेम २४ मीटर रुंद पट्टी झाडून स्वच्छ करायची आणि तिच्यावर लढाऊ विमाने उतरवून पुन्हा उडवायची. टेंगाची धावपट्टी पहिल्या हल्ल्यात निकामी झाली तर काय, या प्रश्नाचे ते उत्तर आहे. पण रस्त्याची धावपट्टी होऊ शकते. रस्त्याचे आकाश होत नाही.

म्हणून पहिली नजर शेजाऱ्यांकडे गेली, आणि तिथे मिळालेला अनुभव पुढच्या सगळ्या धोरणाचा पाया ठरला. इंडोनेशियाशी संबंध सुधारल्यावर सुमात्रातल्या सियाबू येथे बॉम्बफेकीच्या सरावाचे मैदान उभे राहिले आणि १९८९ पासून दोन्ही देशांची हवाई दले ते वापरू लागली. १९९५ साली दक्षिण चीन समुद्राकडच्या इंडोनेशियाच्या हद्दीत सरावक्षेत्रे मिळाली. ती व्यवस्था २००३ पर्यंत संपुष्टात आली. २००७ साली नवा संरक्षण सहकार्य करार झाला, पण जकार्तात त्याला मान्यता मिळाली नाही. २०२२ च्या जानेवारीत बिंतान बेटावर पुन्हा सह्या झाल्या आणि मार्च २०२४ मध्ये तो अमलात आला. म्हणजे एकाच शेजाऱ्याच्या आकाशासाठी दोन दशके बोलणी चालली. मलेशियाच्या बाबतीत तर सप्टेंबर १९९८ मध्ये, दोन्ही देशांतले संबंध ताणलेले असताना, सिंगापूरच्या लष्करी विमानांना आपल्या हवाई हद्दीतून उडण्याची दिलेली मुभा काढून घेण्यात आली. उत्तरेकडे उडालेले विमान क्षणभरात मलेशियातल्या जोहोरवर पोचते, त्यामुळे त्या दिवसापासून उड्डाणांचे मार्ग नव्याने आखावे लागले. शेजाऱ्याला दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. स्वतःचे आकाश कोणाला द्यायचे हे ठरवण्याचा हक्क प्रत्येक सार्वभौम देशाला आहे, आणि सिंगापूरही तो हक्क तितक्याच काटेकोरपणे बजावते. मुद्दा असा की शेजारचे आकाश हे शेजारच्या राजकारणाबरोबर हलते, आणि प्रशिक्षण मात्र दरवर्षी, न चुकता व्हावे लागते.

दूरचे आकाशही कायमचे नसते, हे फिलिपिन्समध्ये कळले होते. १९८० च्या दशकात सिंगापूरचे वैमानिक तिथल्या अमेरिकी क्लार्क तळावर जाऊन सराव करत. जून १९९१ मध्ये पिनातुबो ज्वालामुखीचा उद्रेक झाला, तळ राखेखाली गेला, आणि त्याच वर्षी फिलिपिन्सच्या सिनेटने अमेरिकी तळांचा करार नाकारला. निसर्ग आणि राजकारण यांनी मिळून काही महिन्यांत एक दार बंद केले. यानंतरची वाटचाल पाहिली की एक ठरलेले धोरण दिसते: कुठल्याही एका यजमानावर सगळा भार टाकायचा नाही. १९९३ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिअर्स तळावर प्राथमिक वैमानिक प्रशिक्षण हलले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या ॲरिझोनात, ल्यूक तळावर एफ-१६ ची तुकडी उभी राहिली. १९९६ पासून टेक्सासमधल्या ग्रँड प्रेअरीत चिनूक हेलिकॉप्टरे, १९९८ पासून फ्रान्समधल्या काझो तळावर जेट प्रशिक्षण, ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंडमध्ये ओकी इथे हेलिकॉप्टरे, पुढे २००९ साली आयडाहोतल्या माउंटन होम तळावर एफ-१५एसजी. काझो आणि मलेशियाने मुभा काढणे या गोष्टी एकाच वर्षातल्या असल्या तरी फ्रान्सशी बोलणी आधीच झालेली होती. एकातून दुसरी निघाली असे म्हणणे चुकीचे ठरेल. उलट, संकट यायच्या आधीच पर्याय शोधून ठेवण्याची सवय लागलेली होती, हे त्यातून जास्त चांगले दिसते. अंथरूण पाहून पाय पसरावेत असे आपण म्हणतो. या देशाने अंथरूण पुरणार नाही हे पहिल्याच दिवशी ओळखले आणि ते वाढवण्याची मोहीमच काढली.

या दूरच्या तुकड्या सहलीसारख्या जाऊन येत नाहीत. माउंटन होममधली तुकडी अमेरिकी हवाई दलाच्या स्क्वॉड्रनचा भाग म्हणून काम करते. विमाने सिंगापूरची, देखभाल करणारे हात दोन्ही देशांचे, आकाशाचे नियम यजमानाचे. वैमानिक आणि तंत्रज्ञ बायकामुलांसह दोन-तीन वर्षे तिथे राहतात, मुले तिथल्या शाळेत जातात. विषुववृत्तापासून दीड अंशावर वाढलेला तंत्रज्ञ आयडाहोच्या बर्फात इंजिन उघडायला शिकतो. संस्थेच्या इतिहासात या माणसांची नोंद सहसा होत नाही, आणि मला ते मोठे न्यून वाटते. कारण विमानाचा सांगाडा आणि क्षेपणास्त्राची नळी बाजारात मिळते, पण परक्या मुलखात शिस्तीने राहून यजमानाचा विश्वास मिळवणारी माणसे घरीच घडवावी लागतात. लोकसंख्या लहान, जन्मदर घसरता, त्यामुळे तीही मोजकीच. २००३ साली खू तेह लिन या सिंगापूरच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक झाल्या. समतेच्या दृष्टीने ती पायरी महत्त्वाची होतीच, शिवाय अर्ध्या लोकसंख्येला वगळून चालणे या दलाला परवडणारेही नव्हते.

भारताचे आकाश या कथेत आले ते याच शोधात. २००४ साली ग्वाल्हेरला दोन्ही हवाई दलांचा संयुक्त सराव झाला आणि ऑक्टोबर २००७ मध्ये झालेल्या करारानुसार पश्चिम बंगालमधल्या कलाईकुंडा तळावर सिंगापूरची विमाने ठरावीक काळ येऊन राहू लागली. भारतीय वैमानिकांसोबत उडणे, दूधकुंडीच्या मैदानावर मारा करणे, हे तेव्हापासून चालू आहे. २००८ साली भूदलासाठी वेगळा करार झाला आणि त्यातून महाराष्ट्राचा या देशाच्या संरक्षणाशी प्रत्यक्ष संबंध जुळला. नाशिकजवळच्या देवळालीच्या माळरानावर सिंगापूरचे तोफखान्याचे जवान भारतीय जवानांबरोबर ‘अग्नि वॉरियर’ हा सराव करतात. बेटावर तोफेचा गोळा पूर्ण पल्ल्याने टाकता येत नाही, तो देवळालीत टाकता येतो. १९६५ साली जे देता आले नाही ते भारताने वेगळ्या रूपात दिले. परक्या देशाच्या सशस्त्र दलाला आपल्या भूमीवर इतकी वर्षे नियमितपणे सराव करू देणे ही भारताच्या परंपरेत न बसणारी गोष्ट होती, म्हणूनच तिचे मोल जास्त आहे.

आता आक्षेपांकडे वळले पाहिजे. पहिला आक्षेप सरळ आहे: हे सगळे पैशाचे काम, यात कसले आले कौतुक? सिंगापूर श्रीमंत आहे, संरक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या तीन टक्क्यांच्या आसपास खर्च करते, त्यामुळे विमानेही घेते आणि परदेशी तळांचे भाडेही भरते. यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. १९७२ साली या दलाने घेतलेली स्कायहॉक विमाने अमेरिकी आरमाराने वापरून बाजूला ठेवलेली होती. ती दुरुस्त करून वापरात आणण्याचे बरेचसे काम सिंगापुरातच झाले, १९७५ साली सेलेटारला विमान देखभालीची सरकारी कंपनी निघाली, आणि १९८० च्या दशकात त्याच जुन्या सांगाड्यांमध्ये एफ-४०४ हे नवे, जास्त ताकदीचे इंजिन बसवून ‘सुपर स्कायहॉक’ तयार करण्यात आले. ती २००५ पर्यंत आघाडीच्या सेवेत होती. श्रीमंतीच्या जोरावर चाललेली संस्था जुन्या विमानाला तीस वर्षे जगवत बसत नाही. दुसरा पुरावा शेजारच्या ब्रुनेईचा. तेलामुळे तोही सधन देश आहे, तोही लहान आहे, आणि त्याच्या हवाई दलात लढाऊ जेट विमाने नाहीत. हेलिकॉप्टरे आणि वाहतुकीची विमाने आहेत. ब्रुनेईची लोकसंख्या सिंगापूरच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी आहे, त्याची भूराजकीय गरज निराळी आहे, त्यामुळे ही तुलना फार ताणू नये. तरीही पैसा आला की लढाऊ हवाई दल आपोआप उभे राहते, हे गृहीतक तिच्यामुळे खोटे ठरते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो मला सहज उडवून लावता येत नाही. ज्या दलाची बरीच विमाने आणि वैमानिक कोणत्याही दिवशी दुसऱ्या खंडात असतात, ते ऐनवेळी घरचे रक्षण कसे करणार? आणि यजमानाने उद्या दार लावले तर? पहिल्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे परदेशी तळ हे शिक्षणासाठी आहेत, पहाऱ्यासाठी नाहीत. बेटावरच्या स्क्वॉड्रन, क्षेपणास्त्रे आणि सदैव सज्ज असलेली विमाने वेगळी असतात. हवेत इंधन भरणारी टँकर विमाने दलाने ठेवली आहेत, त्यामागे दूरच्या विमानांना घरी आणता यावे हाही हिशेब आहे. दुसऱ्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर कोणाजवळच नाही. क्लार्क बंद झाले, मलेशियाचे आकाश बंद झाले, इंडोनेशियाचे दोन दशके अडकले; दारे बंद होतात. दलाने केले ते इतकेच की दारांची संख्या वाढवली आणि यजमानालाही या नात्याचा उपयोग होईल असे पाहिले. ऑगस्ट २००५ च्या अखेरीस कतरिना वादळाने लुइझियाना उद्ध्वस्त केले तेव्हा टेक्सासमध्ये प्रशिक्षणासाठी असलेली सिंगापूरची चिनूक हेलिकॉप्टरे माणसे आणि सामान वाहायला धावली. परदेशी मदत पोचवायला इतर बहुतेकांना समुद्र ओलांडावा लागला. ही मदत शेजारच्या राज्यातून आली. २०२१ साली अफगाणिस्तानातून लोकांना बाहेर काढताना सिंगापूरने ए-३३० टँकर-वाहतूक विमान अमेरिकेच्या मदतीला दिले. भाडेकरू म्हणून गेलेल्या दलाने शेजारधर्म पाळला, आणि अशा वागण्यातूनच परवानग्यांचे नूतनीकरण होत राहते.

तिसरा आक्षेप असा की या दलाने एकही युद्ध लढलेले नाही, मग त्याच्या क्षमतेचा पुरावा काय? प्रतिरोधाचे यश सिद्ध करता येत नाही, ही अडचण मान्यच केली पाहिजे. हल्ला झाला नाही तो हवाई दलामुळे, १९६७ साली स्थापन झालेल्या आसियानच्या राजनयामुळे, की कोणाला करायचाच नव्हता म्हणून, हे वेगळे काढून दाखवता येणार नाही. पण युद्धाशिवायच्या कसोट्याही असतात. २९ जानेवारी १९८३ ला एका जहाजाचा मनोरा सेंटोसा बेटाकडे जाणाऱ्या केबल कारच्या तारेत अडकला, दोन डबे समुद्रात कोसळून सात माणसे गेली आणि तेरा जण रात्री पाण्यावर लोंबकळत राहिले. हवाई दलाच्या बेल २१२ हेलिकॉप्टरांनी जोराच्या वाऱ्यात, अंधारात, तारांच्या शेजारी स्थिर राहून त्या तेराही जणांना एकेक करून उचलले. दल तेव्हा पंधरा वर्षांचेही नव्हते. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियाच्या आचेमधले मेउलाबोह जगापासून तुटले होते. तिथे पहिल्या दिवसांत अन्न आणि डॉक्टर पोचवणाऱ्यांत सिंगापूरची चिनूक आणि सुपर प्यूमा हेलिकॉप्टरे होती. २२ जानेवारी २००८ ला परवानगीशिवाय येणारे एक छोटे सेसना विमान एफ-१६ विमानांनी अडवून उतरवले आणि चांगी विमानतळ सुमारे ५० मिनिटे बंद राहिला. १५ ऑक्टोबर २०२४ ला मदुराईहून निघालेल्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या विमानात बॉम्ब असल्याची धमकी आली, तेव्हा दोन एफ-१५एसजी विमानांनी त्याला दाट वस्तीपासून दूर नेऊन मग उतरू दिले. धमकी खोटी निघाली. पण वर मांडलेला मिनिटांचा हिशेब कागदावरचा नाही, हे या दोन घटनांनी दाखवले.

शेजाऱ्यांच्या मनातल्या शंकेचाही विचार केला पाहिजे. चिमुकल्या देशाने प्रदेशातले सर्वांत सुसज्ज हवाई दल ठेवले तर क्वालालंपूर आणि जकार्ताला ते टोचणार, आणि त्यांनीही विमाने घेतली तर सर्वांचीच सुरक्षितता घटणार, असे म्हटले जाते. खरेदीपुरते पाहिले तर हे म्हणणे रास्त आहे. पण उसन्या आकाशाची गरज इथे लगामासारखी काम करते, असे मला वाटते. ज्याला सियाबूच्या मैदानासाठी इंडोनेशियाशी बोलावे लागते, तो त्या देशाशी संवाद तोडू शकत नाही. १९७१ च्या पंचराष्ट्रीय संरक्षण व्यवस्थेत ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्याबरोबर मलेशिया आणि सिंगापूर एकत्र आहेत, आणि तिचे हवाई संरक्षणाचे मुख्यालय मलेशियातच, बटरवर्थला आहे. १९९८ च्या ताणातही ती व्यवस्था मोडली नाही. ज्या दलाला स्वतःच्या हद्दीत सगळा सराव करता येतो त्याला शेजाऱ्याची गरज भासत नाही, आणि इतिहासात धोका बहुधा अशा स्वयंपूर्ण दलांकडूनच आला आहे.

या सगळ्याची घरी मोजावी लागणारी किंमतही नोंदवली पाहिजे, कारण परदेशी आकाश कितीही मिळाले तरी विमाने शेवटी याच बेटावर उतरतात. पाया लेबार हा १९५५ ते १९८१ या काळात देशाचा मुख्य नागरी विमानतळ होता, चांगी उघडल्यावर तो हवाई दलाकडे आला. त्याच्यामुळे बेटाच्या मोठ्या भागात इमारतींच्या उंचीवर मर्यादा आहे. २०१३ साली सरकारने जाहीर केले की २०३० नंतर हा तळ हलवला जाईल. सुमारे ८०० हेक्टर जमीन घरांना आणि उद्योगांना मोकळी होईल आणि आजूबाजूची उंचीची बंधने उठतील. तिथली विमाने टेंगा आणि चांगीला सामावून घ्यायची आहेत. टेंगाच्या विस्तारासाठी चोआ चू कांग दफनभूमीतल्या सुमारे ८० हजार कबरी हलवण्याचा निर्णय २०१७ मध्ये झाला. त्यांत सुमारे ४५ हजार ५०० चिनी आणि ३५ हजार मुस्लिम कबरी आहेत. पूर्वजांच्या कबरींना जपणाऱ्या समाजांनी हे सोसणे सोपे नाही, आणि धावपट्टीच्या गरजेपुढे ही वेदना किरकोळ आहे असे कोणी म्हणू नये. कमी जागेत उडू-उतरू शकणारी एफ-३५बी विमाने निवडण्यामागेही हीच टंचाई आहे. बारा एफ-३५बी आणि आठ एफ-३५ए अशी मागणी आहे. पहिली चार २०२६ च्या अखेरीस मिळणे अपेक्षित आहे, आणि त्यांच्या वैमानिकांचे प्रशिक्षण अमेरिकेतल्या आर्कन्सा राज्यात, फोर्ट स्मिथजवळच्या एबिंग तळावर होणार आहे.